हुबळीत मुलांस दाखवावे तरी काय?

गेल्या पंधरवड्यात खानापूर तालुक्यातील एका वाचकभगिनीचे पत्र आमच्या हाती आले. पत्र लहानसेच आहे. पण वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ ते हातात धरून बसलो. या भगिनीचे यजमान हुबळीस रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला आहेत. घर, थोडी शेती व वृद्ध सासूबाई गावी असल्यामुळे बिऱ्हाड हलविणे काही जमले नाही. यजमान महिन्यातून एकदोनदा घरी येतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाई तिन्ही मुलांस घेऊन पंधरा दिवस त्यांच्या खोलीवर जाऊन राहतात. गेल्या मे महिन्यात दिवसभर ऊन व धूळ, एका खोलीत तीन मुले आणि संध्याकाळी दमून आलेले वडील, असे ते पंधरा दिवस गेले. परतीच्या गाडीत बारा वर्षांचा थोरला आईस म्हणाला, "पुढच्या वर्षी मी आजीजवळच राहीन. बाबांच्या गावात काहीच नाही. ते वाळवंट आहे."

बाई लिहितात की, हे वाक्य त्यांनी अद्याप यजमानांच्या कानी घातलेले नाही. त्यांचा आम्हांस प्रश्न असा की, हुबळी-धारवाडच्या आसपास मुलांस घेऊन जाण्याजोगे, फार पैसा न लागणारे, आणि पुन्हा यावे असे मुलांस वाटेल असे काही आहे काय?

आहे, असे आम्ही खात्रीने सांगतो. मात्र प्रथम त्या वाळवंटाचा विचार करू, कारण मुलाने तो शब्द उगाच वापरला असे आम्हांस वाटत नाही. चार महिने पावसात भिजणाऱ्या खानापूरच्या रानात वाढलेल्या मुलास मे महिन्यातील हुबळीची काळी, भेगाळलेली जमीन वाळवंटासारखीच भासणार. भूगोलाच्या पेपरात मात्र त्यास गुण मिळावयाचे नाहीत. राजस्थानातील जैसलमेर हे खरे वाळवंटातील शहर; तेथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धारवाडास तो आठशेच्या आसपास पडतो, आणि पूर्वेस गदगकडे जावे तसतसा उणावत सहाशेवर येतो. पश्चिमेकडील झाडीच्या मुलुखास कानडी लोक मलेनाडू म्हणतात व पूर्वेकडील उघड्या मैदानास बयलुसीमे. या दोन मुलुखांची शीव धारवाडाजवळून जाते, आणि ती आगगाडीच्या खिडकीतून डोळ्यांनी पाहता येते. लोंढ्याहून निघालेली गाडी अळणावरपर्यंत दाट झाडीतून धावते. अळणावर सुटले की झाडी विरळ होऊ लागते, मुगद मागे पडते, आणि धारवाड येईतो क्षितिजापर्यंत नजर पोहोचू लागते. आम्ही आमच्या बहिणीच्या मुलांस या प्रवासात एक काम दिले होते: रान नेमके कोठे संपले ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे. तिघांनी तीन निरनिराळी ठिकाणे लिहिली आणि हुबळी येईपर्यंत भांडण चालले. प्रवास कसा सरला ते कळले नाही.

गाडीतच सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते, हे त्या तालुक्यातील मुलांस शाळेत शिकवितात. तीच नदी खानापूर गावाजवळून वाहत पुढे सौंदत्तीकडे जाते. तेथे नविलुतीर्थ या ठिकाणी तिला धरण घातले असून त्याच्या जलाशयास रेणुकासागर म्हणतात. हुबळी-धारवाडच्या लोकांस प्यावयास लागणारे पाणी बहुतांशी या जलाशयातून येते. म्हणजे वडिलांच्या खोलीवर नळ येतो तेव्हा बादलीत पडणारे पाणी त्या मुलांच्याच तालुक्यातून निघालेले असते. हुबळीच्या कित्येक वस्त्यांत वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदाच नळ येत असे, आणि पिंपे भरून ठेवण्याची तेथील घरांस सवयच जडली. ज्या वडिलांस मुले 'वाळवंटात राहतात' म्हणून कमी लेखतात, ते त्यांच्याच नदीचे पाणी जपून जपून वापरीत असतात, हे मुलांस कोणी सांगितलेले नसते. खानापूर तालुक्यातील कळसा व बंडुरी या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे की न वळवावे यावरून कर्नाटक व गोवा यांच्यात मोठा वाद आहे. २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिला तरी तो शमलेला नाही. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. पण एका शहराची तहान भागविण्यासाठी दोन राज्ये कशी भांडतात, हे बारा वर्षांच्या मुलास समजण्यासारखे आहे.

आता पाहण्याच्या स्थळांकडे वळू. प्रारंभ स्टेशनापासूनच करावा, अशी आमची सूचना आहे.

बाईंचे यजमान रेल्वेत आहेत, आणि हुबळी हे रेल्वेचे गाव आहे. सदर्न मराठा रेल्वेचे वर्कशॉप येथे १८८५ मध्ये उभे राहिले. २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्य ठाणेही येथेच आहे. स्टेशनातील एक फलाट १५०७ मीटर लांबीचा असून तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून गिनेस बुकात नोंदला गेला. त्याचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले. त्यापूर्वी हा मान गोरखपूरकडे होता. तेथील फलाट १३६६ मीटरांचा. दीड किलोमीटर म्हणजे खेड्यात घरापासून शाळेपर्यंतचे अंतर! फलाट-तिकीट दोन तास चालते. थंडीच्या दिवसांत सकाळी ते काढावे आणि वडिलांचे बोट धरून मुलांनी हा फलाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावा, पावले मोजीत. वाटेत इंजिने येतात, मालगाड्या जातात; एरवी मुलांच्या दृष्टीने रुक्ष असलेला फलाट मग हां हां म्हणता संपतो. मुलांनी रुळांच्या कडेपासून दूर चालावे, एवढे मात्र पाहावे.

स्टेशनाच्या गदग रस्त्याकडील बाजूस २०२० पासून रेल्वेचे संग्रहालय आहे. रेल्वेच्या शंभर वर्षांहून जुन्या दोन बंगल्यांत ते मांडलेले असून बंगल्यांची नावे मलप्रभा व घटप्रभा अशी आहेत. मलप्रभा हे नाव वाचून मुले थबकतील, असा आमचा अंदाज आहे. आत जुनी यंत्रे, सिग्नलची साधने, दिवे, तिकिटे, आणि बाहेर आवारात अरुंद रुळांवरील जुनी गाडी. आमच्यासारख्या माणसास या वस्तू नुसत्या पाहता येतात. त्यांचा उलगडा होत नाही. आम्ही तेथे होतो त्या दिवशी एक गृहस्थ आपल्या लहान मुलीस डब्याखाली वाकून काहीतरी दाखवीत होते. ब्रेक कसा लागतो, हवा कोठून येते, चाक का घसरत नाही. ते बोलत होते साधेच, पण त्यांच्या भोवती आठदहा परकी मुले जमा झाली, आणि त्यांत आमचे दोन भाचेही होते. त्या मुलीचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पत्रलेखिकेचे यजमान हा उलगडा आम्हांहून शंभर पटींनी चांगला करतील. निघण्यापूर्वी संग्रहालयाचा सुट्टीचा वार व वेळ तेवढी विचारून घ्यावी.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर कुंदगोळचे नाव सांगून टाकतो. हुबळीहून बंगळूरच्या दिशेने जाताना थोड्याच अंतरावर हे गाव लागते. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, येथले. मराठी रंगभूमीने ज्यांस डोक्यावर घेतले तेच हे गायक. उतारवयात ते गावी येऊन राहिले, तेव्हा गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे शिकावयास येत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. मुलेबाळे घरी, आणि बाई शिकवणीसाठी गाडीत! गदगचा भीमसेन जोशी हा अकरा वर्षांचा मुलगा तर १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घरातून पळाला व बिनातिकीट गाड्यांतून हिंडत दूरवर पोहोचला. पुढे त्यास गुरू लाभला तो कुंदगोळासच. पळून जाण्याचा भाग मुलांस सांगावा की नाही, हे आईने ठरवावे. आम्ही सांगितला, आणि त्याच रात्री धाकट्या भाच्याने आपली पिशवी भरून ठेवली.

संध्याकाळसाठी उणकलचे तळे. हुबळीहून धारवाडकडे निघाले की शहराच्या कडेसच सुमारे दोनशे एकरांचे हे पाणी पसरलेले दिसते. नळ येण्यापूर्वीच्या काळी हुबळीस पाणी पुरविणारे हेच तळे. आता काठाने बाग आहे, मधोमध विवेकानंदांचा पुतळा आहे, आणि नावा चालू असल्या तर मुलांस फेरीही मारता येते. सूर्य पाण्यावर मावळतो. या कोरड्या मुलुखातील लोक संध्याकाळी पाण्याकाठी येऊन नुसते बसतात, बोलतही नाहीत फारसे. असे बसणे आमच्या कोकणच्या वाचकांस कदाचित नवलाचे वाटेल. जवळच उणकल गावात चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे. दगडावरील जाळी व कोरीव दरवाजे पाहण्यासारखे आहेत. काठावर बसून गिरमिट खावे. चुरमुऱ्यांत चिंचगुळाचे व कांद्याचे शिजविलेले तिखटगोड मिश्रण कालवून वर डाळ्यांची पूड, ओले खोबरे व शेव भुरभुरतात, आणि सोबतीस तळलेली मिरची. पाच माणसांचे पोट थोडक्या पैशांत भरते. ज्यांस उंचावरून शहर पाहावयाचे असेल त्यांनी एखाद्या पहाटे नृपतुंग टेकडीवर जावे.

हुबळीहून धारवाडास जाण्यासाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्ग आखून वेगळ्या बसगाड्या सोडल्या आहेत. त्यांचे नाव 'चिगरी'. कानडीत चिगरी म्हणजे काळवीट. अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे, आणि गाडी वाटेत कोठे अडत नाही. आमची भाचरे म्हणत की धारवाडात काही पाहिले नसते तरी या गाडीसाठी पुन्हा आलो असतो. खऱ्या चिगरी पाहावयाच्या तर राणीबेन्नूरच्या अभयारण्यात जावे लागते. ते १९७४ मध्ये घोषित झाले असून ११९ चौरस किलोमीटरांचे आहे. तेथे एके काळी माळढोक पक्षीही दिसत असे. पण हुबळीपासून ते शंभर किलोमीटर पडते. लहान मुलांस एका दिवसात ते झेपणार नाही.

धारवाड हे शांत गाव. साधनकेरीच्या तळ्याजवळ कवी द. रा. बेंद्रे राहत. घरची भाषा मराठी आणि कविता कानडी, असा हा विलक्षण पुरुष. सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षे शिकविले, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस लाभला. घरासमोरील भवनात त्यांच्या स्मृती जपून ठेवल्या आहेत. आमचे मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी हेही याच गावात आयुष्यभर इंग्रजी शिकवीत राहिले. मुलांस या दोन्ही नावांचे सोयरसुतक नसेल. त्यांनी तळ्याकाठी धावावे आणि मोठ्यांनी बाकावर बसावे. दुपारच्या उन्हाची वेळ कर्नाटक कॉलेजच्या परिसरातील विज्ञान केंद्रात काढावी. ते २०१२ पासून आहे, आणि तेथील उपकरणे मुलांनी स्वतः हाताळावयाची असतात. 'हात लावू नका' असे दर दोन मिनिटांनी ओरडावे लागत नाही, हे आयांच्या दृष्टीने मोठेच सुख. निघताना पेढा. उत्तरेकडील उन्नावहून प्लेगच्या काळात आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो येथे प्रथम बनविला. खवा तांबूस होईतो भाजून, वळून, साखरेत घोळलेला हा पेढा आता भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. आजीसाठी पावशेर बांधून घ्यावा.

आता ज्या स्थळासाठी आम्ही हा लेख मुख्यत्वे लिहीत आहोत तेथे येतो, आणि आमच्या फजितीपासून आरंभ करतो.

गदग जिल्ह्यात शिरहट्टीजवळ मागडी नावाचे गाव आहे. हुबळीहून लक्ष्मेश्वरमार्गे साठ-पासष्ट किलोमीटर. गावालगत शेतीसाठी बांधलेले तळे आहे, आणि त्या तळ्यावर दूरदेशीचे हंस उतरतात, असे आम्ही ऐकले होते. केव्हा उतरतात हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. मे महिन्यात, भाड्याची मोटार करून, तीन मुले व शिदोरी घेऊन आम्ही निघालो. पोहोचलो तो समोर चिखलाच्या वाळलेल्या पापुद्र्यांचे मैदान, मध्ये थोडेसे गढूळ पाणी आणि त्यात चार म्हशी. मुलांनी म्हशींकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. चूक सर्वस्वी आमची होती. एक वृद्ध धनगर तेथे मेंढरे चारीत होता. त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले की, पाहुणे थंडीत येतात, आता ते आपल्या घरी गेले. घर कोठे, असे धाकट्याने विचारले, तेव्हा त्याने काठी उचलून उत्तरेकडे दाखविली. "लांब," एवढेच म्हणाला.

पुढे जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. सकाळी साडेआठची वेळ असेल. तळे भरलेले होते आणि रिकामे होते. आमच्या पोटात धस्स झाले. इतक्यात आभाळातून एक प्रकारचा घोगरा कलकलाट येऊ लागला. पूर्वेकडील शेतांवरून बाणाच्या टोकासारख्या रांगा येत होत्या, एकामागून एक, आणि तळ्यावर येताच पंख वाकडे करून सरळ पाण्यात उतरत होत्या. करडे-पांढरे अंग, आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. पक्षितज्ज्ञ त्यांस पट्टकदंब म्हणतात. मंगोलिया, तिबेट, लडाख अशा उंच व थंड प्रदेशांतील सरोवरांकाठी हे पक्षी उन्हाळ्यात पिले वाढवितात आणि हिवाळा आला की हिमालय ओलांडून खाली येतात. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. तेथील विरळ हवेत माणूस धापा टाकीत बसेल. यांच्या रक्ताची घडणच अशी की थोड्या प्राणवायूतूनही ते पुरेसा ओढून घेते. अंधाराच्या वेळी हे पक्षी आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा तळ्याच्या मध्यावर, कुत्र्याकोल्ह्यांपासून दूर, विसावतात. गावचे शेतकरी त्यांस हुसकून लावीत नाहीत. या तळ्यास ३१ जानेवारी २०२४ रोजी रामसर स्थळ म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणजे जगातील जपण्याजोग्या पाणथळ जागांच्या यादीत मागडीचे नाव आले.

तळे काही मोठे नाही, पन्नास हेक्टरांच्या आसपासचे. भोवताली सगळा कोरडा मुलूख. इतक्या दूरवरून, सगळी भारतभूमी पसरलेली असता, हे पक्षी या एवढ्याशा पाण्यावर कसे उतरतात, असे आम्ही मोठ्याने म्हणालो. मधला भाचा, जो एरवी फारसे बोलत नाही, तो म्हणाला, "त्यांच्या बाबांनी त्यांना दाखवलं असेल." पुढे आम्ही चौकशी केली. हंसाची पिले पहिला प्रवास आईबापांच्या संगतीने करतात व मार्ग त्यांच्याकडून शिकतात, असे पक्ष्यांचे अभ्यासक म्हणतात. भाच्यास शाबासकी देण्याचे तेवढे राहून गेले होते. ती या स्तंभातून देतो.

मागडीस जाताना दुर्बीण मिळाल्यास न्यावी, भडक रंगाचे कपडे घालू नयेत आणि दगड मारणाऱ्या मुलास आधीच समज द्यावी. पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात व मार्चपर्यंत परततात. पाऊस फार कमी झालेल्या वर्षी तळ्यात पाणी आहे किंवा नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी गदगमार्गे लक्कुंडी पाहता येईल. गदगपासून बारा किलोमीटर. आज लहानसे खेडे आहे. चालुक्यांच्या काळी हे भरभराटीचे नगर होते व येथे नाणी पाडली जात. अत्तिमब्बे नावाच्या जैन बाईने १००७ च्या सुमारास येथे बांधविलेली बसदी अजून उभी आहे. छापखाना नव्हता त्या काळी या बाईने एका पुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या. साप्ताहिक काढणाऱ्या आमच्यासारख्यांस हे वाचून संकोच वाटतो. पण मुलांस आवडतात त्या येथील पायऱ्यांच्या विहिरी. एक तर अशी की तिन्ही बाजूंनी पायऱ्या उतरत जातात आणि पायऱ्यांच्या मधून छोट्या छोट्या देवळ्या कोरलेल्या आहेत. वरून पाहिले तर विहीर नव्हे, उलटे ठेवलेले देऊळच. पाणी जपावे लागणाऱ्या मुलुखात विहीर इतकी देखणी का बांधली असेल, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर आईने विचारावा. हात घट्ट धरून उतरावे. शेवाळावर पाय सरकतो.

ज्यांस वेळ असेल त्यांनी परतताना कित्तूरचा किल्ला करावा. तो धारवाडहून बेळगावच्या वाटेवर, मोटाररस्त्याजवळच आहे. ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या सैन्याने धारवाडचा कलेक्टर थॅकरे यास येथे लढाईत ठार केले. डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. राजवाड्याच्या भिंती पडल्या असल्या तरी ध्रुवतारा पाहण्याची नळी, न्हाणीघर व पाण्याचे मार्ग दाखवितात. राणीचा शूर सेवक संगोळ्ळी रायण्णा यास १८३१ मध्ये फाशी दिले ते नंदगडास, म्हणजे पत्रलेखिकेच्याच तालुक्यात. नंदगडचा तो वड मुलांनी पाहिलेला असेल; कथेचे पहिले अर्धे कित्तुरात आहे, हे त्यांस ठाऊक नसेल.

हुबळीतच बेंगेरी येथे खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. मानक ब्युरोची मान्यता असलेले हे केंद्र, आणि काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया. अशोकचक्राचे चोवीस आरे कापडाच्या दोन्ही बाजूंस तंतोतंत जुळावे लागतात. पाहावयाचे असल्यास आधी परवानगी मागावी. दांडेलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतलेले नाही. रान सुंदर आहे, पण तेथील मुक्काम खर्चाचा. आणि खानापूरच्या मुलांनी रान पाहण्यासाठी पैसे का मोजावेत? शहरातील मोठ्या दुकानातील सरकता जिना मात्र टाळता येणार नाही. आमच्या भाचरांनी त्यावर अकरा वेळा वरखाली केले, आणि घरी गेल्यावर आजीस प्रथम त्याचेच वर्णन ऐकविले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता पत्रलेखिकेस थोडे व्यवहाराचे. मे महिन्याचे पंधरा दिवस सोडावे आणि नाताळनंतरचे पाच दिवस धरावे. यजमान सणास घरी येतीलच. त्यांच्याबरोबरच मुलांनी हुबळीची गाडी धरावी, म्हणजे रान कोठे संपते यावर पंचही मिळेल. पाचांतले दोनच दिवस त्यांच्याकडून मागून घ्यावे: एक मागडीसाठी, दुसरा स्टेशन व संग्रहालयासाठी. त्यांच्या रजेची व पाळीची गोष्ट आतापासूनच काढावी. उरलेल्या दिवशी ते कामावर असता उणकल व धारवाड ही दोन्ही ठिकाणे आईने एकटीने मुलांसह सहज करण्यासारखी आहेत. रविवार मध्ये आल्यास मिस्सा सकाळची गाठावी व मग निघावे. शिदोरीस जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी व पाणी भरपूर. मोटार एकट्याने केल्यास महाग पडते. शेजारच्या बिऱ्हाडास विचारून दोन कुटुंबांनी मिळून केली तर परवडते. मे महिन्यातच जाणे भाग असेल तर पहाट व संध्याकाळ बाहेर काढावी, दुपार विज्ञान केंद्रात किंवा संग्रहालयात, आणि मागडीचे नाव काढू नये.

थोरल्याचे ते वाक्य यजमानांस सांगावे काय, असे बाईंनी स्पष्ट विचारलेले नाही; पण पत्राच्या शेवटल्या ओळींवरून त्यांस तेच विचारावयाचे असावे. आमच्या मते सांगावे, परंतु आता नव्हे. आता सांगितले तर दूर राहून राबणाऱ्या माणसाच्या जिव्हारी लागेल, आणि मुलाशी वागताना ते अवघडतील. जानेवारीत, मागडीहून परतताना, मोटारीत मुले झोपलेली असतील तेव्हा सांगावे. त्या वेळी दोघांस हसता येईल.

फलाटावर थोरल्याची किती पावले झाली ते आम्हांस अवश्य कळवावे. आमच्या मोठ्या भाच्याची दोन हजार चारशे अकरा भरली; पण तो मध्येच वड्याच्या गाड्यापाशी थांबला होता, म्हणून त्याच्या मोजणीवर आमचा पुरता भरवसा नाही.